कारखान्याच्या फाटकाशी थबकलेला कायदा

पुण्यातील एका अभियांत्रिकी कंपनीत वीस वर्षांहून अधिक काळ दूरध्वनी चालक म्हणून नोकरी केलेल्या एका कर्मचाऱ्याची श्रवणशक्ती ८५ टक्क्यांनी घटली आणि ३१ डिसेंबर २००० पासून कंपनीने त्याची सेवा समाप्त केली. ज्याला ऐकू येत नाही त्याने दूरध्वनी कसा चालवायचा, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु त्याला भांडारात, हिशेबाच्या नोंदींवर अथवा आवक-जावक विभागात काम करता आले असते की नाही, हा निराळा प्रश्न होता. संसदेने १९९५ साली केलेल्या कायद्याने हा दुसरा प्रश्न विचारण्याचे बंधन मालकावर घातले होते. मात्र 'मालक' म्हणजे नेमका कोणता मालक, याचे अंतिम उत्तर मिळण्यास जवळजवळ एक दशक जावे लागले. ते उत्तर या कर्मचाऱ्याच्या विरोधात गेले आणि खासगी क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने ते आजही तितकेच महत्त्वाचे आहे.

'अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग) कायदा' अशा लांबलचक नावाचा तो कायदा ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अमलात आला. त्याची चर्चा झाली ती मुख्यत्वे सरकारी नोकऱ्यांतील तीन टक्के आरक्षणामुळे. वास्तविक त्यातील ४७ वे कलम आरक्षणाहून अधिक मूलगामी होते. नोकरीत असताना एखाद्याला अपंगत्व आले तर त्याला कामावरून कमी करता येणार नाही, त्याचा दर्जाही घटविता येणार नाही. मूळ पदावरील काम त्याला झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह त्याला दुसरे पद द्यावे. तसे पद उपलब्ध नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीचे वय होईपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवावे, असे हे कलम सांगत होते. आरक्षण हे नोकरी मागणाऱ्यासाठी असते. हे कलम हाती असलेली नोकरी निसटू पाहणाऱ्यासाठी होते. अपंगत्व ही जन्मापासूनची अवस्था असते, असे समाज सहसा गृहीत धरतो. परंतु यंत्रात सापडलेला हात, मधुमेहाने गेलेली दृष्टी, रस्त्यावरील अपघातात निकामी झालेला पाय हेही अपंगत्वच होय, आणि ते येते तेव्हा माणूस बहुधा पस्तिशी-चाळिशीत, घर चालविण्याच्या ऐन भरात असतो.

पुण्याच्या कर्मचाऱ्याने याच कलमाचा आधार घेऊन प्रथम अपंग कल्याण आयुक्तांकडे आणि नंतर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला व त्याला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश कंपनीला दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. 'डाल्को इंजिनीअरिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्याचा निकाल ३१ मार्च २०१० रोजी लागला आणि उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द झाला.

सर्वोच्च न्यायालयाचा सारा निकाल एका शब्दाच्या अर्थावर उभा आहे. ४७ वे कलम 'आस्थापने'ला लागू होते आणि आस्थापनेच्या व्याख्येत केंद्रीय, प्रांतिक वा राज्याच्या कायद्याने अथवा कायद्यान्वये स्थापन झालेले महामंडळ, सरकारच्या मालकीची, नियंत्रणाखालील वा अनुदानावर चालणारी संस्था, स्थानिक प्राधिकरण, सरकारी कंपनी आणि सरकारी खाती येत होती. कर्मचाऱ्याच्या बाजूचे म्हणणे असे, की खासगी कंपनीदेखील कंपनी कायद्यान्वयेच अस्तित्वात येते. मग ती 'कायद्यान्वये स्थापन' झालेली का मानू नये? न्यायालयाने यावर जो भेद केला तो व्याकरणाच्या तासाला शोभेल असा आहे. कायद्याने किंवा कायद्यान्वये स्थापन होणे म्हणजे त्या कायद्याविना अस्तित्वच नसणे. आयुर्विमा महामंडळ १९५६ च्या कायद्याने जन्मले, एसटी महामंडळ मार्ग परिवहन महामंडळांच्या १९५० च्या कायद्याखाली स्थापन झाले. खासगी कंपनी मात्र तिचे प्रवर्तक स्थापन करतात. कंपनी कायदा तिची नोंद करतो आणि तिचे नियमन करतो. सबब ती या व्याख्येत बसत नाही.

कायद्याच्या भाषेचा विचार केला तर हा निष्कर्ष चुकीचा म्हणता येणार नाही. संसदेला खासगी कारखाने या कलमाखाली आणावयाचे असते तर सरकारी कंपन्यांचा वेगळा उल्लेख करण्याचे काही कारणच नव्हते. दोष असेल तर तो निकालापेक्षा मसुद्याचा आहे. तथापि परिणाम व्हायचा तो झालाच. एकच अपघात, एकच इजा, एकच उपचार. परंतु एसटीच्या कार्यशाळेत बोटे गमावलेल्या कामगाराची नोकरी टिकण्याची हमी आणि त्याच रस्त्यावरील खासगी कारखान्यात बोटे गमावलेल्याला ती नाही, अशी रेघ देशाच्या कायद्यानेच ओढली.

या रेघेच्या अलीकडे, म्हणजे सरकारी बाजूला, न्यायालयांनी गेल्या दोन दशकांत जे काम केले आहे ते मोलाचे आहे. त्याची सुरुवात झाली २००३ च्या कुणाल सिंग खटल्याने. कर्तव्यावर असताना झालेल्या इजेमुळे एसएसबीच्या एका शिपायाचा पाय कापावा लागला आणि दलाने त्याला अपात्र ठरवून घरी पाठविले. अपंगत्वाबद्दलचे निवृत्तिवेतन दिले आहे, तेव्हा आणखी काय हवे, अशी सरकारची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ४७ वे कलम बंधनकारक आहे आणि निवृत्तिवेतन दिल्याने ते निष्प्रभ होत नाही.

पाच वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, पंजाब राज्य विद्युत मंडळाच्या एका सहायक लाइनमनचे प्रकरण न्यायालयापुढे आले. नोकरीत असताना त्याची दृष्टी पूर्णपणे गेली होती. आपल्याला निवृत्त करावे आणि पत्नीला नोकरी द्यावी, असे पत्र त्याने स्वतःच मंडळाला दिले. मंडळाने पत्राचा पहिला भाग तत्परतेने मान्य केला. त्याने स्वेच्छेने नोकरी सोडली, हा मंडळाचा बचाव न्यायालयाने फेटाळला. आपले हक्क ठाऊक नसलेल्या, अंधत्वाने खचलेल्या माणसाने लिहिलेल्या पत्राला स्वेच्छानिवृत्ती म्हणता येत नाही. ज्या अधिकाऱ्यांना कायदा माहीत होता त्यांनी तो त्याला सांगणे हे त्यांचे काम होते, असा या निकालाचा आशय आहे. हा निकाल कायद्याच्या अभ्यासकांपेक्षा कामगार संघटनांनी अधिक वाचावा असा आहे. कारण अपंगत्व आलेल्या माणसाला बडतर्फीचा आदेश क्वचितच मिळतो. त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला जातो. 'आता तुम्हाला त्रास होईल, हिशेब घ्या आणि आराम करा' असे सहानुभूतीच्या सुरात सांगितले जाते, आणि कागदावर सही झाली की पुढे भांडायला काही उरत नाही.

डिसेंबर २०२१ मधील निकाल आणखी पुढे गेला. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्यावर गैरवर्तनाबद्दल खातेनिहाय चौकशी सुरू होती आणि तो मानसिक आजारासाठी उपचार घेत होता. चौकशी वर्तनाबद्दल आहे, आजाराबद्दल नव्हे, असा दलाचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. कारवाईमागे अपंगत्व हे एकमेव कारण असण्याची जरूर नाही. अनेक कारणांपैकी ते एक असले तरी भेदभाव सिद्ध होऊ शकतो, असे सांगून न्यायालयाने ती कारवाई रद्द केली व शस्त्राशी संबंध नसलेल्या पदावर, वेतन कायम राखून, त्याची नेमणूक करण्यास सांगितले. मानसिक आजार लपविण्याकडेच आपल्या कार्यालयांतील माणसांचा कल असतो. तो उघड केल्यास नोकरीवर गदा येणार नाही, असा विश्वास देणारे निर्णय आपल्याकडे फार थोडे आहेत. अर्थात त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ पदे कायद्याच्या रोजगारविषयक तरतुदींतून अधिसूचनेद्वारे वगळली होती, हेही येथे नमूद करावयास हवे. न्यायालयाने एक दार उघडावे आणि सरकारने शेजारचे लावून घ्यावे, हा खेळ या क्षेत्रात नवा नाही.

ऑगस्ट २०२५ मधील एक निकाल महाराष्ट्रातील एसटी चालकांनीही ध्यानात ठेवावा असा आहे. तेलंगणच्या मार्ग परिवहन महामंडळातील एक चालक रंगांधळा असल्याचे आढळले आणि २०१६ च्या जानेवारीत त्याला वैद्यकीय कारणावरून निवृत्त करण्यात आले. पर्यायी काम देण्याची त्याची विनंती अमान्य झाली. रंगांधळेपणा कायद्याच्या यादीतील अपंगत्व नाही, ही महामंडळाची जमेची बाजू होती. परंतु १९७९ साली महामंडळ व कामगार संघटना यांच्यात झालेल्या कराराचे एक कलम त्या चालकाच्या मदतीस आले. रंगांधळ्या चालकांना पर्यायी नोकरी देण्याचे त्यात कबूल केलेले होते. अन्यत्र काम देता येते का, याचा प्रामाणिक शोध न घेता माणसाला घरी पाठविणे बेकायदा आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्याला योग्य पदावर घेण्याचा आणि थकीत वेतनाचा चौथा हिस्सा देण्याचा आदेश दिला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोणा कार्यकर्त्यांनी वाटाघाटींच्या टेबलावर आग्रहाने लिहून घेतलेले एक वाक्य, जेथे कायदा अपुरा पडला तेथे उपयोगी आले.

हे सारे सरकारी नोकरांचे. रेघेच्या पलीकडच्या कामगाराला २०१६ च्या नव्या कायद्याकडून मोठी अपेक्षा होती. अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली होती. त्या कराराचे २७ वे कलम सर्व प्रकारच्या रोजगारांतील भेदभावास बंदी घालते आणि नोकरी 'चालू राहणे' याचाही त्यात निःसंदिग्ध उल्लेख आहे. कराराशी सुसंगत कायदा करणे ओघानेच आले. त्याप्रमाणे झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, सरकारी आरक्षण तीनवरून चार टक्के झाले, मानसिक आजार व स्वमग्नता असलेल्यांना त्यात प्रथमच वाटा मिळाला. अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे मधल्या काळात ठरले होतेच. महत्त्वाचे म्हणजे 'आस्थापना' या शब्दाच्या व्याख्येत खासगी आस्थापनाही आली. डाल्को निकालाने दाखविलेली फट बुजली, असे तेव्हा अनेकांना वाटले.

परंतु कायद्याचे २० वे कलम उघडून पाहिले की निराशा होते. जुन्या ४७ व्या कलमाचा सारा मजकूर तेथे आला आहे, आणि त्याचा कर्ता आहे 'सरकारी आस्थापना'. कोणतीही सरकारी आस्थापना नोकरीत भेदभाव करणार नाही. सरकारी आस्थापना दिव्यांग कर्मचाऱ्याला आवश्यक त्या वाजवी सोयी पुरवील. कोणतीही सरकारी आस्थापना सेवेत असताना अपंगत्व आलेल्यास कमी करणार नाही. व्याख्या रुंद केली आणि जेथे तिचा उपयोग होता तेथे ती वापरलीच नाही. दूरध्वनी चालकाचा खटला आज नव्याने उभा राहिला तर २० व्या कलमाखाली त्याचे उत्तर २०१० मध्ये जे मिळाले तेच मिळेल.

मग खासगी नोकराच्या हाती काहीच नाही काय? तसे नाही. कायद्याचे तिसरे कलम दिव्यांग व्यक्तीशी अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव केला जाणार नाही, असे सांगते. एखाद्या न्याय्य उद्दिष्टासाठी तेवढेच आणि प्रमाणशीर पाऊल उचलले असल्याचे सिद्ध झाले तरच त्याला अपवाद. हा भेदभाव कोणी करावयाचा नाही, हे कलम बोलत नाही. म्हणजेच तो कोणीच करावयाचा नाही, असा अर्थ घेण्यास वाव आहे. शिवाय वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. वाजवी सोय म्हणजे काही राजेशाही बडदास्त नव्हे. बसून काम करण्यासाठी स्टूल, पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी संगणकप्रणाली, रात्रपाळीतून सूट, तळमजल्यावरचे टेबल, तोंडी सूचनेऐवजी लेखी चिठ्ठी, इतकेच बहुतेक वेळा लागते.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चाळीस टक्के अपंगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. भेदभावापासूनचे संरक्षण मागण्यासाठी ती अट नाही. प्रमाणपत्रावर ३५ टक्के लिहिले आहे म्हणून तक्रारच करता येत नाही, असे जे कर्मचाऱ्यांना अनेकदा सांगितले जाते, त्याला कायद्याचा आधार नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून जे वादळ उठले त्यानंतर प्रत्येक प्रमाणपत्राकडे संशयाने पाहिले जाऊ लागले आहे. त्याचा जाच खऱ्या अपंगांनाच अधिक होतो, हेही खरे.

खासगी आस्थापनांवर थेट बंधन घालणारे कलम आहे ते २१ वे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवावी, असे ते सांगते. २०१७ च्या नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांना योग्य अशा पदांची यादी, निवडीची पद्धत, प्रशिक्षण, बदली व रजेतील प्राधान्य, सहायक उपकरणे आणि समन्वय अधिकाऱ्याची नेमणूक यांचा तपशील असावा लागतो. धोरण संकेतस्थळावर, ते शक्य नसेल तर आवारात ठळक जागी लावावे लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना तर २०२२-२३ पासून सेबीच्या अहवालात आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांची संख्याही द्यावी लागते. मोठ्या कंपन्यांची धोरणे म्हणून आता सुबक छापलेली आढळतात. मधल्या आणि लहान उद्योगांत, विशेषतः ठेकेदारांच्या आस्थापनांत, हे कलम ठाऊक असलेला माणूस सापडणे कठीण.

अडचण आहे ती यापुढची. धोरण केले नाही किंवा मोडले तर काय? कायद्याच्या ८९ व्या कलमानुसार पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड. त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाख. दंड सरकारजमा होतो. नोकरी परत मिळत नाही. राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागविणे यांसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, परंतु त्यांच्या हातून शेवटी निघते ती शिफारस. संबंधित प्राधिकरणाने तिच्यावर तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी, न मानल्यास कारण द्यावे, अशी ही व्यवस्था आहे. अपंग आयुक्तांना अंतरिम मनाई आदेश देता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच एका बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले होते. म्हणजे उद्या सकाळी निघणारा सेवासमाप्तीचा आदेश आज रात्री थांबविण्याची ताकद या यंत्रणेत नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला, त्याचे कौतुक झाले. परंतु कायद्याने जे हत्यार आयुक्तांना दिलेच नाही ते विभाग वेगळा केल्याने येणार नाही.

खासगी मालकावर असे बंधन घालणे आपल्या कायद्याच्या परंपरेतच बसत नाही, असा युक्तिवाद कोणी केला तर त्याला उत्तर १९ एप्रिल २०१७ च्या दुसऱ्याच दिवशी मिळाले आहे. २० एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्याचे तिसरे कलम 'कोणतीही व्यक्ती' भेदभाव करणार नाही, अशा शब्दांत सुरू होते. सरकारी आणि खासगी असा भेद त्यात नाही. एचआयव्हीबाधित कर्मचाऱ्याला काढावयाचे असेल तर मालकाने दोन कागद त्याच्या हाती ठेवले पाहिजेत. एक, तो कामास असमर्थ आहे किंवा त्याच्यापासून इतरांना संसर्गाचा लक्षणीय धोका आहे, असे स्वतंत्र आणि पात्र वैद्यकीय तज्ज्ञाने लेखी दिलेले मत. दुसरा, वाजवी सोय करून देणे प्रशासकीय वा आर्थिकदृष्ट्या आपल्याला कसे आणि किती अवघड आहे, याचे मालकाचे लेखी निवेदन. एकाच संसदेने काही महिन्यांच्या अंतराने संमत केलेले हे दोन कायदे. विषाणूची बाधा झालेल्याला खासगी मालकाविरुद्ध जे संरक्षण मिळाले ते हात गमावलेल्याला का नाही, याचे तर्कशुद्ध कारण सापडत नाही. त्यानंतर २०१९ मध्ये झालेल्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यातही नोकरीतील भेदभावाची बंदी खासगी आस्थापनांना लागू आहे.

इतरत्र पाहिले तर अमेरिकेचा १९९० चा कायदा पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी मालकांना लागू होतो. ब्रिटनने आपल्याप्रमाणेच १९९५ साली कायदा केला आणि प्रारंभी वीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्यांना सूट दिली. पुढे ती मर्यादा पंधरावर आली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये सूट पूर्णपणे रद्द झाली. दोन देशांनी एकाच वर्षी सुरुवात केली, हे लक्षात घेतले की आपण कोठे उभे आहोत ते कळते.

लहान उद्योजकांची बाजू येथे दुर्लक्षून चालणार नाही. बारा माणसांच्या वर्कशॉपला अधिसंख्य पद निर्माण करून एखाद्याला निवृत्तीपर्यंत पोसणे शक्य नाही, हे उघड आहे. १९९५ च्या कलमाची रचना सरकारी तिजोरी डोळ्यांपुढे ठेवून झाली होती; ती जशीच्या तशी भोसरीच्या गाळ्यावर लादणे अन्यायाचे ठरेल. परंतु संपूर्ण हमी आणि शून्य हमी यांच्या मधे बरीच जागा आहे. २०१६ च्या कायद्याने 'वाजवी सोय' या संज्ञेची व्याख्या करताना मालकावर अवाजवी बोजा पडू नये, ही अट घातलेलीच आहे. बाराजणांच्या वर्कशॉपचा बोजा आणि बारा हजार कामगारांच्या वाहन कारखान्याचा बोजा एकाच मापाने मोजला जाणार नाही, याची तरतूद त्या शब्दांतच आहे. खासगी मालकाला एवढेच विचारावयाचे, की दुसरे काम शोधलेत का, सोय करून पाहिलीत का, आणि नाही केली तर का नाही, ते लिहून द्या. एचआयव्हीच्या कायद्यात नेमके हेच विचारले आहे, आणि त्याने उद्योग बंद पडल्याचे कोणी म्हटलेले नाही.

सध्या मात्र खासगी कारखान्यात हात गमावलेल्या कामगाराशी कायदा बोलतो तो नुकसानभरपाईच्या भाषेत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शरीराचे दरपत्रकच होते. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे धरावयाचे, संपूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्क्यांनी, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्क्यांनी. प्रेस मशीनवर काम करणाऱ्या वस्त्यांत हे आकडे लोकांना तोंडपाठ असतात. या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. अंगठा गेलेल्याची ३० टक्के क्षमता गेली म्हणजे ७० टक्के शिल्लक राहिली, आणि त्या ७० टक्क्यांवर तो कमावत राहील. त्याच अंगठ्यामुळे त्याला कामावरून काढले तर त्याची कमाई शंभर टक्के बुडते. भरपाई मात्र तिसाचीच. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका सुताराच्या प्रकरणात ही विसंगती ओळखली होती. डावा हात कापावा लागलेला सुतार सुतारकाम करूच शकत नाही, म्हणून त्याचे नुकसान पूर्ण मानावे, असे न्यायालयाने ठरविले. परंतु प्रत्येक कामगाराने हे पुन्हा सिद्ध करावयाचे आणि तेही वकिलाची फी भरून, हा व्यवहार आजही सुरू आहे.

जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात तर 'सततचे अनारोग्य' या कारणाने केलेली सेवासमाप्ती कामगारकपात समजली जात नसे. त्यामुळे कपातीची भरपाईही देय होत नसे. तो कायदा आता इतिहासजमा झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या, नुकसानभरपाईचा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आणि बडतर्फीचे वाद औद्योगिक संबंध संहितेत. नोकरी गेलेल्या कामगाराने प्रथम समेट अधिकाऱ्याकडे जावयाचे आणि पंचेचाळीस दिवसांत तोडगा न निघाल्यास थेट न्यायाधिकरणाकडे, ही वाट नव्या संहितेतही आहे. पण तीन वर्षांची मुदत दोन वर्षांवर आली आहे. रुग्णालयाच्या फेऱ्या, प्रमाणपत्राच्या फेऱ्या, भरपाईच्या फेऱ्या यांत दोन वर्षे केव्हा सरतात ते कळत नाही. कारखान्याचे स्थायी आदेशही आता तीनशे किंवा अधिक कामगार असतील तरच बंधनकारक आहेत. महाराष्ट्रात पूर्वी ही मर्यादा पन्नासची होती. ज्या लहान कारखान्यांत बोटे अधिक जातात तेथेच लेखी नियमांचे छत्र काढून घेतले गेले आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली; त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होत्या. देशातील अपंगांमध्ये काम करणाऱ्यांचे प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होते, आणि ती मोजणी जुन्या, अरुंद व्याख्येची होती. यांतील सरकारी नोकरीत असलेले थोडे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीनांना न्यायाधीशपदाची परीक्षा देता येणार नाही, असे सांगणारा मध्य प्रदेशातील नियम रद्द केला, तेव्हा त्याचे सर्वत्र योग्य ते स्वागत झाले. परंतु चाकणच्या किंवा वाळूजच्या ठेकेदाराकडे काम करणाऱ्याच्या दृष्टीने तो निकाल दुसऱ्या देशातला आहे.

२० व्या कलमात एक दुरुस्ती करण्याची मागणी म्हणूनच वारंवार पुढे यावयास हवी. एका शब्दाच्या फरकाने, 'सरकारी आस्थापना' ऐवजी 'आस्थापना' असे लिहिल्याने, खासगी मालक त्या कलमाच्या कक्षेत येतील. अधिसंख्य पदाची अट खासगी उद्योगांपुरती शिथिल करून तिच्या जागी लेखी कारणांचे बंधन घालता येईल. तोपर्यंत तिसरे आणि २१ वे कलम एकत्र वाचून खासगी कर्मचाऱ्यासाठी काही मिळविता येते का, याची कसोटी उच्च न्यायालयांत लागावयाची आहे. त्यासाठी आधी कागद लागतील. कंपनीने समान संधी धोरण नोंदविले आहे का, नोंदविले असल्यास त्यात काय लिहिले आहे, हे राज्य आयुक्तांच्या दप्तरी असते आणि ते दप्तर सार्वजनिक प्राधिकरणाचे असल्याने माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर मागता येते. ते कार्यालय पुण्यातच आहे.